फायली स्कॅन झाल्या, आता मूळ कागद रद्दीत घालू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. चिपळूण, खेर्डी, लोटे या पट्ट्यात मी कामगार कायद्यांचं काम करतो आणि छोट्या कारखान्यांचे मालक मला सारखा एकच प्रश्न विचारतात: ‘कामगारांच्या सगळ्या फायली कॉम्प्युटरवर घेतल्या. आता मूळ कागद काढून टाकले तर कायद्याने चालतं ना?’

काढून टाकू नका. निदान सहीचे कागद तरी नकोच.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, त्यानंतर हा प्रश्न वाढला. एका काजू फॅक्टरीत तेव्हा आम्ही भिजलेली पानं गर सुकवायच्या ट्रेमध्ये पसरून ठेवली होती. शाईच्या पेनाचं लिखाण निळं पाणी होऊन गेलं होतं, बॉलपेनच्या सह्या मात्र गाळाखाली शाबूत होत्या. त्या धास्तीने मालकांनी जे हाती लागलं ते घाईघाईने स्कॅन करून घेतलं आणि मूळ कागदांचा ढीग टेम्पोत भरून रद्दीत दिला. त्यांची घाई मला कळत होती. पण कामगारांच्या नोकरीच्या नोंदीची कार्डं पाठपोट लिहिलेली होती आणि स्कॅन झाली ती फक्त पुढची बाजू.

पुढच्या वर्षी तिथल्या एक काकी निवृत्त झाल्या. कॉम्प्युटरवर नेमणूक दिसत होती 2007 ची. ‘भाऊ, मी 2003 पासनं गर सोलतेय हो,’ त्या म्हणाल्या. 2007 ला नवा हिशोब कार्डाच्या पुढच्या बाजूला सुरू झाला होता, आधीची नोंद मागे राहिली. त्यांचा शेवटचा पगार 13,000 रुपये. ग्रॅच्युइटी म्हणजे 26 दिवसांचा महिना धरून वर्षाला 15 दिवसांचा पगार, वर्षामागे 7,500. चार वर्षांचे 30,000 रुपये एका न घेतलेल्या बाजूपायी जात होते. काकींना वाचवलं ते फॉर्म एफने. ग्रॅच्युइटीच्या या वारसनोंदीची एक प्रत मालकाने सही करून कामगाराला परत द्यायची असे आणि तिच्यात नेमणुकीची तारीख असे. काकींनी ती ट्रंकेत, साडीच्या घडीत जपली होती. मालकांनी ती बघून पूर्ण रक्कम दिली. सरकारी नोकराकडे दुय्यम सेवापुस्तक तरी असतं, खासगीतल्या कामगाराकडे असला एखादाच कागद असतो.

मालक म्हणतात, कायदा इलेक्ट्रॉनिक नोंद मानतो ना? मानतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 4 तेच सांगतं. पण कलम 7 च्या अटी कोणी वाचत नाही: नोंद पुढेही उघडता आली पाहिजे, मूळ माहिती तंतोतंत दाखवणाऱ्या स्वरूपात पाहिजे, ती कुठून आली आणि कधीची, हे त्यातून कळलं पाहिजे. व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘नवीन फोल्डर 3’ मध्ये टाकलेले फोटो यात कुठे बसतात, तुम्हीच बघा.

कोर्टात गेलात तर आणखी एक पायरी असते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारी तिची खूण, लिहावी लागते. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राबद्दल 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोतकर–गोरंट्याल प्रकरणात, म्हणजे आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, स्पष्ट सांगितलं: नोंद ज्यात आहे ते मूळ साधनच (कॉम्प्युटर, फोन) हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच.

आणि हॅश जुळली तरी काय सिद्ध होतं? स्कॅन केल्यापासून फाइल बदलली नाही, एवढंच. कागदावर सही त्याच माणसाची होती का, हे त्यातून कळत नाही. ‘राजीनाम्यावर ही सही माझी नाही’ असं कामगार म्हणाला, तर हस्ताक्षर तज्ज्ञ मूळ कागदच मागतो, कारण पेनाचा दाब स्कॅनमध्ये उतरत नाही. म्हणून नेमणूकपत्र, वारसनोंद, राजीनामा, चौकशीतले जबाब, हिशोब चुकता केल्याची पावती हे सगळं मूळ स्वरूपात जपा.

मुळातच कॉम्प्युटरवर तयार होऊन डिजिटल सहीने निघालेल्या आदेशाची गोष्ट उलटी: तिथे फाइल हीच मूळ, प्रिंट ही नक्कल. मात्र सहीचा फोटो चिकटवणं म्हणजे डिजिटल सही नव्हे. साहेबांचं टोकन, म्हणजे डिजिटल सही करायचा पेन ड्राइव्हसारखा तुकडा, क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड त्याच्यावरच चिकटवलेला, हे मी तीन ठिकाणी पाहिलंय. त्या सहीचा वाद झाला तर साहेब काय सांगणार?

स्कॅनिंग जरूर करा, पूर पुन्हा येऊ शकतो. प्रत्येक कामगाराला शेजारी बसवून त्याची पानं स्क्रीनवर दाखवा, पुढची आणि मागचीही, आणि यादीवर त्याची सही घ्या. हे काम मे महिन्यात उरका. जूनमध्ये कागद सादळतात, एकाला एक चिकटतात, आणि स्कॅनरमधून दोन पानं एकदम जातात.