फुग्याच्या माथ्यावरचा काळा डाग

साबणाचा फुगा फुटण्यापूर्वी त्याच्या माथ्यावर अनेकदा एक काळा डाग पडतो. पण सगळ्यांची नजर रंगांवर खिळलेली असल्यामुळे त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मला मात्र तो डागच अधिक आवडतो. पापुद्र्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात म्हणून रंग दिसतात. पण पाणी खाली ओघळून माथ्याकडचा पापुद्रा फारच पातळ झाला, की हे तरंग एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. असा पापुद्रा पातळ होत होत सुमारे ५ नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पोचू शकतो, म्हणजे साबणाच्या रेणूंचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये नावापुरते पाणी. नॅनोतंत्रज्ञानाचा एवढा गाजावाजा होत असताना हे काम लहान मुले नुसत्या फुंकरीने करतात, याची गंमत वाटते.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून असते आणि लांब शेपटी पाणी टाळते. त्यामुळे फुग्याच्या पापुद्र्यात टोके आत पाण्याकडे आणि शेपट्या बाहेर हवेकडे असतात. मेदाचे काही रेणूही याच स्वभावाचे आहेत. त्यांच्या दोन थरांची मांडणी नेमकी उलटी, शेपट्या आत आणि टोके बाहेर अशी झाली, की पेशीपटल तयार होते, आणि तेही जवळपास तेवढ्याच जाडीचे. हा दुहेरी थर १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी ओळखला. तांबड्या रक्तपेशींतला मेद त्यांनी पाण्यावर पसरवला, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. (त्यांचा मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता, दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले!) पाण्यावरचा थर सरकत्या पट्टीने दाबून मोजण्याची रीत मात्र त्यापूर्वीच ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी घर सांभाळता सांभाळता शोधली होती. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. त्यांनी इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना लिहिलेले पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आले.

फुगा जितका लहान, तितका त्याच्या आतला दाब जास्त, म्हणून एकमेकांना जोडलेल्या दोन फुग्यांपैकी धाकटा थोरल्यात रिकामा होतो. आपल्या फुप्फुसांतले वायुकोश आतून ओले असतात, तेव्हा त्यांचीही हीच गत व्हायला हवी होती. ती होत नाही, कारण त्या ओलाव्यावर मेद आणि प्रथिने यांचा एक थर पसरलेला असतो आणि वायुकोश आक्रसला, की तो थर दाटून पृष्ठताण, म्हणजे ओल्या पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ, आणखी उतरवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो आणि त्यामुळेच त्यांना श्वास घेणे कठीण जाते, हे मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. पुढे १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांतून मिळवलेला असा पदार्थ नळीवाटे बाळांच्या श्वासनलिकेत सोडून पाहिला आणि त्याचा गुण आला. नवजात अतिदक्षता विभागात आज हा उपचार नेहमीचा झाला आहे.