भूकंपाचा विमा आणि गुरुजींची फाईल

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला नांदेडात जमीन हलली. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं, ४.५ रिश्टर. मार्चमध्येही तिकडेच एवढाच धक्का बसलेला, त्यामुळे यावेळी लोक जास्तच घाबरले. मी जनरल इन्शुरन्सची एजंट. एरवी घराच्या विम्याचं नाव काढलं की लोक विषय बदलतात, गाडीचा काढतील, तब्येतीचा काढतील, घराचा नाही. त्या दिवशी मात्र नऊपासून फोन थांबेना, सगळ्यांचं एकच, भूकंपाचा विमा आहे का हो तुमच्याकडे?

दुपारी एक रिटायर गुरुजी आणि त्यांच्या मिसेस फाईल घेऊनच आल्या. गुरुजी म्हणाले, "पोरी, विमा तर आमचा आहेच, घराचं लोन घेतलं तेव्हाच बँकेने काढलाय, फक्त त्यात भूकंप आहे का बघ." मी कागद उलटून बघितले तर तो गुरुजींच्या जिवाचा विमा. म्हणजे त्यांचं काही बरंवाईट झालं तर बँकेचं कर्ज फिटणार, पण घर पडलं तर एक रुपया नाही. इतकी वर्षं माणूस निर्धास्त झोपतो आणि त्याला कोणी सांगतच नाही की घराच्या भिंतींचा यात काही संबंध नाही, याचा मला खरंच संताप येतो. लोनवाल्या प्रत्येकाने आपला तो कागद आजच काढून बघा, त्यावर घराचा पत्ता आणि बांधकामाची रक्कम आहे का ते.

गुरुजी एकदम गप्प झाले. मग सांगायला लागले. १९९३ ला ते औसा तालुक्यात नोकरीला होते, नवीनच लागलेले. ३० सप्टेंबरची पहाट, चारला थोडा वेळ कमी, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा मातीचा भार, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी, सास्तूर, सगळा तो पट्टा, जवळपास दहा हजार माणसं गेली. गुरुजी म्हणाले, "मी ढिगारे उपसलेत गं."

नंतर ते म्हणाले, ७० लाखाचा काढ, आज विकलं तर तेवढे येतात. हे सगळेच म्हणतात. मी सांगितलं, गुरुजी, त्यातली निम्म्याच्या वर किंमत जागेची आहे आणि जागा कुठे पडत नाही, विमा परत बांधायला जेवढे लागतील तेवढ्याचा. हजार स्क्वेअर फूट, १८०० चा रेट धरला, १८ लाख. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी द्यावीच लागते, त्यात भूकंप, आग, पूर सगळं आतच असतं, भूकंपाचं वेगळं काही जोडावं लागत नाही. हप्ता त्यांच्या घराला वर्षाला हजाराच्या आतबाहेर बसत होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, त्यांना वाटलेलं दहाबारा हजार तरी असेल.

बाई तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या आणि दोन्ही नेमक्या. घरातल्या सामानाचं काय? म्हटलं, बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरलं जातं, दागिन्यांचं मात्र वेगळं सांगून घ्यावं लागतं. आणि घर राहण्यालायक नसेल तोवर राहायचं कुठे? त्या भाड्याचीही सोय आहे त्यात.

एक गोष्ट गुरुजींना आवडली नाही. मार्चच्या धक्क्यात मागच्या खोलीला भेग पडलेली, ती यात बसव म्हणाले. मी स्पष्ट नाही सांगितलं. विमा सुरू व्हायच्या आधीचं नुकसान मिळत नाही, आणि लपवून ठेवलं तर पुढचा खरा क्लेमही अडकतो. चिडले थोडे, पण इंजिनिअरला दाखवून आधी दुरुस्ती करायची आणि मग सगळ्या भिंतींचे आतून-बाहेरून फोटो काढायचे, याला तयार झाले.

पुढे पॉलिसी हातात आल्यावर ती कपाटात ठेवते म्हणाल्या बाई, तर गुरुजींनीच थांबवलं. किल्लारीकडे लोकांचे सातबारे, पासबुकं सगळं घराबरोबरच गाडलं गेलेलं त्यांनी पाहिलंय. तिथेच बसून त्यांनी पुण्याच्या लेकीला पॉलिसी आणि भिंतींचे फोटो व्हॉट्सॲप केले. तेव्हापासून मी प्रत्येक क्लायंटकडून हे माझ्यासमोरच करून घेते.