पूर्णेच्या इंजिनाला पाटी बसवताना

माझे वडील पूर्णा जंक्शनच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एका वायजी इंजिनाची प्रतिकृती मी गेली तीन वर्षे परभणीतल्या घरी बनवत होतो. वायजीमधला वाय म्हणजे मीटरगेज आणि जी म्हणजे गुड्स, अर्थात मालगाडीचे इंजिन. या वर्गाचे शेवटचे इंजिन १९७२ साली चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झाले, आणि मनमाडपासून पूर्णेपर्यंतचा मार्ग १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाल्यावर त्या मार्गावरचा मीटरगेजचा रूळ कायमचा निघाला. माझी प्रतिकृती १:२२.५ या प्रमाणात, ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळावर धावणारी आणि गॅसवर खरी वाफ करणारी आहे. बॉयलर, सिलिंडर, चाके, टेंडर म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा असे सगळे झाले, तरी कॅबच्या, म्हणजे चालकाच्या खोलीच्या, दोन्ही बाजू आणि स्मोकबॉक्सचे, म्हणजे बॉयलरपुढच्या धुराच्या पेटीचे, दार कोरेच होते. क्रमांकाची पाटी लागेपर्यंत ते कोणतेही वायजी होते. मला मात्र बाबांचे इंजिन हवे होते.

आधी प्रश्न आला तो क्रमांकाचाच. घरातल्या एकमेव फोटोत पाटीवर काजळी बसली आहे आणि शेवटचा आकडा तीन आहे की आठ, हे भिंगातूनही कळत नव्हते. बाबा फोटो न बघताच म्हणाले, "तीन आहे रे तो. आठवाल्याचा इंजेक्टर नेहमी कटकट करायचा, हे तसं नव्हतं." इंजेक्टर म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन. त्यांच्या स्मरणावर माझा विश्वास होता, तरीही त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यांकडून त्याच इंजिनाचा समोरून काढलेला फोटो मिळवला. त्यात पुढे पांढऱ्या रंगात लिहिलेला क्रमांक स्वच्छ दिसत होता, आणि शेवटी तीनच होता.

पाटीचे माप ठरवताना मी फोटोतल्या चाकालाच मोजपट्टी केले. वायजीचे चालक चाक ४ फूट, म्हणजे १२१९ मिलिमीटर व्यासाचे असते. फोटो ए३ आकारात छापून घेतला. त्यात टेंडर अर्धवट कापले गेले, पण चाक ३८ मिलिमीटर आणि पाटी १७ मिलिमीटर भरली. त्रैराशिकाने मूळ पाटी ५४५ मिलिमीटर आणि प्रतिकृतीतली २४ मिलिमीटर येते. कागदाची तेवढी पट्टी कापून कॅबवर धरली, तर ती डोळ्यांना मोठी वाटत राहिली. दोन दिवसांनी कारण लक्षात आले. मीटरगेजच्या इंजिनाची कॅब रुळाच्या बरीच बाहेर येते, त्यामुळे कॅबची बाजू चाकापेक्षा कॅमेऱ्याच्या पाऊण-एक मीटर जवळ असते आणि फोटोत पाटी प्रमाणाबाहेर मोठी उमटते. फोटो साधारण बारा मीटरवरून काढला असावा असे धरून मी सहा-सात टक्के वजा केले आणि २३ बाय ९.५ मिलिमीटर हे माप पक्के केले. एवढ्या छोट्या पाटीवर एका मिलिमीटरचा फरकही ठळक दिसतो, म्हणून फोटोवरून माप काढणाऱ्या प्रत्येकाने ही वजाबाकी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तयार पाट्यांचा शोध मी आधीच घेतला होता. परदेशातले विक्रेते मागणीप्रमाणे क्रमांक कोरून देतात. पण त्यांच्या आकड्यांचे वळण ब्रिटिश कंपन्यांच्या इंजिनांचे असते. आपल्या पाट्यांवरचा सपाट, जाड, गोलसर आकडा त्यांच्याकडे नव्हता. शहरातल्या एका ट्रॉफीच्या दुकानातून लेझरने कोरून आणलेली पाटी निरुपयोगी ठरली, कारण तिच्यात आकडे खोल गेले होते, आणि ओतीव पाटीत ते पृष्ठभागाच्या वर उठलेले असतात. शेवटी वाळूजला यंत्रांच्या नामपट्ट्या आम्लाने कोरणाऱ्या एका कारखान्यात गेलो. तिथले मालक आपुलकीने बोलले, पण स्पष्ट म्हणाले, "काका, तीन पाट्यांसाठी फिल्म काढणं आम्हाला परवडत नाही. घरीच करून बघा, काही अवघड नाही." त्यांनी ०.७ मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याचा एक तुकडा आणि अर्धा तास, दोन्ही मला दिले.

पद्धत अशी. पत्रा बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून त्यावर प्रकाशाने कडक होणारी निळी फिल्म इस्त्रीने चिकटवायची आणि तिच्यावर पाटीच्या नकाशाची, म्हणजे रेखाटनाची, पारदर्शक प्रत ठेवून ऊन द्यायचे. जिथे प्रकाश पडतो तिथे फिल्म पक्की होते, त्यामुळे आकडे आणि कड पारदर्शक आणि बाकी जमीन काळी छापावी लागते. पहिल्या वेळी माझ्याकडून हे उलटे झाले आणि पत्र्याचा एक कोपरा वाया गेला. एका प्रतीचा काळा रंग पुरेसा दाट नव्हता, म्हणून दोन प्रती एकमेकींवर तंतोतंत चिकटवल्या. ऊन किती वेळ द्यायचे, हे तुकड्यांवर दहा-दहा सेकंद वाढवत ठरवले. एप्रिलमधल्या परभणीच्या दुपारी चाळीस सेकंद पुरले. नंतर लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात कच्ची फिल्म धुऊन काढली.

आम्ल म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे फेरिक क्लोराईड वापरले. ते धातू जसे खाली खाते तसे फिल्मच्या कडेखाली आडवेही खाते, आणि आकडे बारीक होत जातात. त्यामुळे नकाशात प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी ०.१ मिलिमीटर जाड काढली होती. पाठीमागे चिकटपट्टी लावून पत्रा पालथा तरंगता ठेवला की सुटलेला गाळ खाली पडतो आणि कोरीव तळ सपाट येतो. पाऊण तासात पाव मिलिमीटर खोली मिळाली. त्या भांड्याजवळ लेथ किंवा कानशी ठेवू नयेत, नुसत्या वाफेनेही पोलाद गंजते. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते, म्हणून ते मोरीत न ओतता सोडा घालून शांत केले आणि सिमेंटमध्ये कालवून घट्ट केले.

आकड्यांभोवतीची जमीन काळ्या एनॅमलने भरली, दोन दिवस वाळू दिली आणि सपाट लाकडी ठोकळ्याला लावलेल्या बाराशे नंबरच्या पेपरने वरून हलके घासले. काळ्यातून पिवळा तीन वर आला, तो क्षण मी विसरणार नाही. लगेच लॅकरचा पातळ हात दिला, नाही तर पितळ आठवड्यात काळवंडते.

कॅबवरच्या पाट्या बसवताना सुपरग्लूचा मोह मी टाळला. झटपट चिकटणाऱ्या त्या द्रवाचा पांढरा धूर रंगावर कायमचा बसतो, आणि उष्णतेने तो जोड सैल पडतो. कॅबसाठी हळू सुकणारे अराल्डाइट वापरले आणि पाटी कॅबच्या रिव्हेटांच्या रांगेशी समांतर धरली, कारण बघणाऱ्याची नजर त्या रांगेवरूनच पाटीकडे जाते. स्मोकबॉक्सच्या दारावर मात्र कोणत्याही चिकट पदार्थाचा भरवसा नव्हता. तिथे पाटीच्या पाठीला ०.८ मिलिमीटरच्या दोन पितळी तारा डाखाने जोडायचा विचार होता. पण दार तापल्यावर साधा डाख मऊ पडण्याची भीती होती, म्हणून कोपऱ्यांतून १.२ मिलिमीटरचे बारीक बोल्ट घातले आणि मागे वॉशर देऊन दार व पाटी यांत अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवली, म्हणजे पाटीवरचा रंग करपणार नाही.

मे महिन्यात गच्चीवर पहिली वाफ केली. चाळीस मिनिटे इंजिन फिरले, रंग टिकला आणि बोल्ट ढिले झाले नाहीत. बाबांनी खुर्ची जवळ ओढली, गार झालेल्या दारावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "खालच्या डावीकडचा बोल्ट अजून अर्धा आटा घे." तो मी तसा घेतला.