बेचाळिसावा दिवस

त्या घरात मी गेले होते ती सासूबाईंची कंबर मोजायला. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडं, मार्कंडेय नदीकाठच्या एका गावात मी आशा कार्यकर्ती आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरचा फॉर्म भरायचा आणि ज्यांचे गुण 4 च्या वर जातात त्यांना तपासणीला आधी न्यायचं, हे आमचं काम. फॉर्म कन्नडमध्ये, गाव मराठी. ‘सक्करे कायिले’ वाचायचं आणि ‘शुगर हाय काय?’ विचारायचं, हे आता अंगवळणी पडलंय.

सासूबाई 64 वर्षांच्या, अजून रोपलावणीला चिखलात उतरणाऱ्या. कंबर 73 सेंटीमीटर. “माझी काय मोजतीस? सुनंची मोज की,” म्हणाल्या.

सून आत मशीनवर ब्लाऊज शिवत होती. वय 35. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, शिफ्टची नोकरी. तिचा फॉर्म राहिलाच होता. दोनदा गेले तेव्हा ती माहेरी होती, आणि तिसऱ्यांदा मी गेलेच नाही. तरण्या बाईला काय होणार, असं माझ्याही मनात होतं.

“माझं कशाला अक्का? मला काय झालंय?” म्हणत तिनं स्वतःचीच टेप माझ्या हातात दिली. टेप लावता लावता तिनं मापांची वही दाखवली. त्याच बायका, तेच ब्लाऊज, पण दर दिवाळीला शिलाई उसवून द्यावी लागते. अर्धं गाव तिनं मोजलेलं, तिला कुणी मोजलेलं नाही. साडीच्या निऱ्या खाली घ्यायला लावल्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरली, इंचाची बाजू उलटी केली आणि श्वास सोडायला सांगितलं. 94. बाईची कंबर 80 च्या आत पाहिजे.

कंबरेचे 2 गुण, वयाचा 1, दिवसभर बसून काम म्हणून 1, आईला शुगर म्हणून 2. एकूण 6.

त्याच दुपारी अंगणवाडीत आमच्या सिस्टर आल्या होत्या. त्या विजयपूरकडच्या, मराठी जेमतेम. मधे मी. बीपी 158 वर 100. दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, तेवढंच. बोट टोचलं तर शुगर 287. सिस्टरनी दुसरी पट्टी लावली. 281.

तहान लागते का म्हणून विचारलं, तर म्हणाली, “दिवसभर मशीनवर बसतो, पाणी लागणारच की.” रात्री चारदा उठावं लागायचं, तेही तिनं त्या पाण्याच्याच खात्यावर टाकलेलं. मग अगदी सहज म्हणाली, “पोरीच्या वेळेला जरा शुगर आली होती. डॉक्टर म्हणाले, बाळंत झाल्यावर जाईल. गेली की!”

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन ट्रंक उघडायला लावली. लग्नाच्या शालूखाली तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणातल्या नोंदींचं कार्ड, होतं. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी काढलेली शुगर, लाल पेनानं: 162. गरोदरपणात 140 आणि त्यापुढं म्हणजे गर्भावस्थेतला मधुमेह. त्याखाली बाळाचं वजन: 3.9 किलो. ते अक्षर माझं होतं. किती गुटगुटीत पोर म्हणून मीच सगळ्यांना सांगत फिरले होते. आईच्या रक्तातली जादा साखर बाळाकडं जाते आणि बाळ असं मोठं होतं, हे तेव्हा मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

बाळंतिणीच्या घरी आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो. त्या बेचाळिसाव्या दिवशी मी ह्याच घरात चहा प्यायले होते. बाळाचं वजन केलं, आईला ताप-रक्तस्राव विचारला, आणि वहीत तिच्या नावापुढं काम पूर्ण म्हणून खूण केली. गरोदरपणात शुगर आलेल्या बाईची तपासणी पुन्हा करायची ती सहा आठवड्यांनी. म्हणजे त्याच दिवशी! आणि त्यानंतरही वेळोवेळी, कारण अशा बाईला पुढं मधुमेह होण्याचा धोका इतरांहून कितीतरी पट जास्त. ती नऊ वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होती. पोलिओला पोर घेऊन यायची, रेशनच्या रांगेत दिसायची. अंग भरत गेलं तसं आम्ही बायका तिला ‘सुखात हायस गं’ म्हणायचो.

मला लठ्ठपणाच्या भाषणांचा कंटाळा येत नाही, पण ती पोचतात कुणाला? शिबिराला म्हातारी माणसं येतात, ज्यांना औषध चालूच असतं. शिवणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या, पोरांच्या डब्यातलं उरलेलं खाणाऱ्या तीस-पस्तिशीच्या बायका येत नाहीत. माझं मत विचाराल तर पहिला खर्च, पहिली शुगरची पट्टी त्यांच्यावर जावी, आणि त्यांतही जिच्या कार्डावर लाल आकडा आहे तिच्यावर. आमच्या फॉर्ममध्ये गुणांचे सहा प्रश्न आहेत. बाळंतपणातल्या शुगरला त्यात एकही गुण नाही. तो असायला हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची उपाशीपोटीची शुगर 171 आली. आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. पाकिटावरचं कन्नड तिला वाचता येत नाही, म्हणून मी वर मराठीत लिहिलं: जेवल्यावर, सकाळ-संध्याकाळ, बरं वाटलं तरी बंद करायची नाही. चहातली साखर सासूबाईंनीच निम्मी केली, सगळ्या घराची. भात दोन्ही वेळचा होता, तो एका वेळेवर आणायला मात्र भांडण झालं. संध्याकाळी ती पोरीला घेऊन शेतापर्यंत चालत जाते.

मी जुन्या वह्या काढल्या. 2014 पासूनच्या गरोदर बायकांत शुगर आलेल्या सात सापडल्या. दोघी पुण्याला गेल्या, एक गोव्यात. बाकीच्या चौघींत एक हीच. उरलेल्या तिघींच्या दारात ह्या आठवड्यात जाऊन आले. एकीनं दार उघडून विचारलं, “कुणाला बघायला आलीस? मामंजी रानात गेल्यात.”

“तुला,” म्हटलं.

गुरुवारी वरच्या आळीतल्या बाळंतिणीचा बेचाळिसावा दिवस आहे. तिच्या कार्डावर 148 आहे. सिस्टरना सांगून ग्लुकोजची पुडी घेऊन ठेवलीय.