नवी कोरी, चाळीस वर्षांची

पुडी उघडल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. माझ्या ज्युनो-१०६ सिंथेसायझरसाठी मागवली, लिहिलं होतं तेच आलंय: ८००१७ए चिप, एक नग, न वापरलेली, पाय चकचकीत. आणि अंगावर तोच काळा लेप.

हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. ज्युनो-१०६ मध्ये आवाज सहा, म्हणजे एका वेळी सहाच सूर, प्रत्येकाला अशी एक चिप, फिल्टर आणि व्हीसीए (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) तिच्याच पोटात. यंत्र १९८४ चं. चिपवरचा तो काळा लेप म्हणजे राळ, ती वर्षानुवर्षांनी किंचित वीज वाहू लागते, आत गळती होते. मग तो आवाज खरखरतो, बोट उचललं तरी गुणगुणत राहतो किंवा पार मुका होतो. राळेला वय व्हायला यंत्रात असावं लागत नाही, खणात पडूनही होतं. म्हणजे दुखणाईत काढून तिची जुळी बहीण आणली. वर कस्टमचे पैसे भरले. किती, ते घरात अजून सांगितलेलं नाही.

निदानात चूक नव्हती, हेच जास्त लागतंय. पॉली १ वर, म्हणजे सहा आवाज पाळीपाळीने वाजवणाऱ्या सेटिंगवर, दर सहावा सूर बिघडत होता. की ट्रान्सपोज हे बटण दाबून धरून यंत्र चालू केलं की पडद्यावर आवाजाचा क्रमांक दिसतो, बिघडलेल्या सुराला दर वेळी चार. सॉ, पल्स, सब या मूळ लहरी एकेक करून ऐकल्या, तिन्ही येत होत्या, तेव्हा त्या बनवणाऱ्या एमसी५५३४ए चिपवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. इतकं सगळं नीट करून शेवटी 'मूळ पार्टच हवा' या हट्टापायी माती खाल्ली. आजकाल नव्याने बनवलेल्या पर्यायी चिपा मिळतात, त्यांवर हा लेपच नसतो. त्या नको होत्या मला. का नको होत्या? जाऊ दे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चिप खोचायची सॉकेटपट्टी मिळते, सोल्डर ओढायचा पंप मिळतो, ही चिप मिळत नाही.

पर्यायी चिप बसवायची असती तर जुनीचे पाय कटरने तोडून एकेक उपटता आले असते, बोर्डाला त्रास कमी. पण जुनी वाचवायची तर ती अखंडच काढावी लागते. प्रत्येक पायावर आधी ताजं सोल्डर चढवायचं, मगच पंपाने ओढायचं. कोरडं जुनं सोल्डर तापवत बसलं की बोर्डावरचा तांब्याचा पॅड उखडतो. पाय छिद्रात सुटा हलतोय हे पाहिल्याशिवाय चिप ओढायची नाही. जागेवर सॉकेटपट्टी, म्हणजे पुन्हा ही वेळ आली तर बोर्ड तापवायला नको. येणारच आहे, उरलेल्या पाच रांगेत उभ्या आहेत.

हसूही येतंय आता. न वापरलेली, न वापरलेली म्हणून जिचं कौतुक केलं, तिचीही लेप उतरवायची अंघोळ जुनीसोबत त्याच बरणीत. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात पाणी आणि तेल असतं. शुद्ध ॲसिटोन, काचेची बरणी, पत्र्याचं झाकण, खिडकी उघडी, सोल्डरिंग आयर्न दुसऱ्या खोलीत. दोन-तीन दिवसांत राळ फुगून पापुद्रे सुटतात. लोखंडाने खरवडायचं नाही, खालचे बारके घटक त्यासोबत निघून येतात. लाकडी काडी, धीर, आणि हट्टी राळेला आणखी एक दिवस. मग ताज्या ॲसिटोनने धुवायचं, पूर्ण वाळवायचं, आणि चिप बसल्यावर यंत्र अर्धा तास तापू देऊन त्या आवाजाचे ट्रिमर, म्हणजे जुळवणीचे बारके स्क्रू, पुन्हा लावायचे. नाहीतर चौथा सूर दुरुस्त होऊनही बाकी पाचांत उपरा वाटतो.

दोघी बरणीत आहेत. बाहेरून ओळखता येत नाहीत, म्हणून एकीच्या पायाला पांढरा सुती दोरा बांधलाय. बुधवारी गोंधळ नको म्हणून इथे लिहून ठेवतो: दोरा नवीला.