कोची बघायची तर रिक्षात नाही, बोटीत बसा

फोर्ट कोचीच्या जेट्टीवर उतरलात आणि एखादा रिक्षावाला "शंभर रुपयांत सगळी ठिकाणं, तीन तास" म्हणत पुढे आला, तर नाही म्हणा आणि चालू लागा. मी हो म्हणाले. तीन तासांतले दोन तास चार दुकानांत गेले. गालिचे, काश्मिरी शाली, पितळेच्या मूर्ती आणि शेवटी मसाल्याचं दुकान. गिऱ्हाईक आणलं की रिक्षावाल्याला दुकानदाराकडून पैसे मिळतात, आपण काही घेतलं नाही तरी. त्याच पैशावर तो शंभरात फिरवतो. त्या शेवटच्या दुकानात पाव किलो काळ्या मिरीचे साडेचारशे घेतले. दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडच्या एर्नाकुलमच्या ब्रॉडवे बाजारात तशीच मिरी दोनशेला होती. अडीचशे रुपयांपेक्षा ते दोन तास गेल्याचं जास्त लागलं.

त्यात तो दिवस शनिवार. ज्यू टाउनमधलं 1568 चं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं. हे मला तिथल्या कुलूपबंद दारापुढे उभी राहिल्यावर कळलं, आणि रोज तिथे येणाऱ्या रिक्षावाल्याला ते माहीत नव्हतं हे मला पटत नाही. शेजारचा मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. म्हणजे शुक्रवार-शनिवार सोडूनच या भागात या. त्या राजवाड्याला सगळे डच पॅलेस म्हणतात, पण 1555 च्या सुमारास तो बांधून कोचीच्या राजाला दिला पोर्तुगीजांनी. डचांनी 1663 नंतर त्याची फक्त डागडुजी केली. आतली रामायणाची भित्तिचित्रं घाईने बघू नका.

चिडून रिक्षा सोडली आणि बाजार रोडने फोर्ट कोचीकडे परत चालत निघालो. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. मी आणि माझा भाऊ, आम्ही दोघंही सह्याद्रीत फिरणारे, त्यामुळे तीन किलोमीटरचा विचारही केला नव्हता. पण एप्रिलमधला दुपारचा एक, सावली नाही, पदपथ नाही, एका बाजूला माल उतरवणारे ट्रक, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या भिंती, आणि त्या भिंतींमुळे खाडीवरचा वाराही लागत नाही. हवेत इतका दमटपणा की घाम वाळतच नाही. अर्ध्या वाटेवर भावाला गरगरायला लागलं. एका वखारीच्या ओट्यावर हमालांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पैशाचं नावही काढलं नाही. हा रस्ता दुपारी अजिबात करू नका, मग तुम्ही कितीही गड चढलेले असा.

पण सकाळी सातला करा. मी तिसऱ्या दिवशी एकटीने पुन्हा केला, आणि मला कोची कळली ती तिथे. वखारींचं एक दार रस्त्यावर आणि दुसरं थेट पाण्यावर, कारण माल होडीतून यायचा आणि होडीतूनच जायचा. सुंठ, मिरी, तांदूळ यांचा वास भिंतींत मुरलेला आहे. 1957 पासून मिरीच्या वायद्यांचा बाजार इथेच ज्यू टाउनमध्ये भरायचा, भाव ओरडून ठरायचे. ते आता थांबलंय. व्यापाराचा मोठा भाग मसाल्याचा अर्क काढणाऱ्या, शहराबाहेरच्या कारखान्यांकडे गेला आहे, आणि बऱ्याच वखारींत आता जुन्या वस्तूंची दुकानं आहेत.

हे सगळं का घडलं ते समजायला बोट हवी. एर्नाकुलमच्या जेट्टीवरून सरकारी बोट पकडा, तिकीट दहा रुपयांच्याही आत. वॉटर मेट्रो ही नवी बोटसेवा गार आणि चकचकीत आहे, आम्ही गेलो तेव्हा चाळीस रुपये घेत होती, पण काचेच्या आड बसावं लागतं. मला साधी बोटच आवडली. जाताना डावीकडे विलिंग्डन बेट दिसतं. त्याचा बराचसा भाग माणसाने केलेला आहे. 1920 मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो हा इंजिनिअर आला तेव्हा बंदराच्या मुखाशी वाळूचा कठीण बांध होता आणि मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकायची. त्याने बांध कापला, आतला गाळ उपसला आणि त्याच गाळाचं बेट झालं. 1928 मध्ये 'पद्मा' ही आगबोट आत आली. उजवीकडे वल्लारपाडमच्या कंटेनर धक्क्याच्या क्रेन, 2011 पासूनच्या. नौदलाच्या बाजूला कॅमेरा वळवू नका.

या बंदराचा जन्मच एका पुरातून झाला असं मानतात. 1341 मध्ये पेरियार नदीला पूर आला, मुझिरिस या प्राचीन बंदराकडचं मुख गाळाने भरलं आणि इथलं उघडलं. मी चिपळूणची. 2021 चा वाशिष्ठीचा पूर घरात पाहिलाय, गाळाने भरलेलं पात्रही पाहिलंय. खाली दाभोळचं केवढं बंदर होतं आणि आज काय आहे तेही माहीत आहे. त्यामुळे ती गोष्ट ऐकताना बोटीवर अंगावर काटा आला.

मासे पकडायची चिनी जाळी लांबूनच बघा. दोर ओढायला बोलावतात आणि मग पैसे मागतात. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची 1524 मधली कबर आहे, पण अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. दहा मिनिटं पुरतात. 

मट्टनचेरीतल्या चेरळाईला मात्र जाच. गोव्यातून पोर्तुगीजांच्या काळात आलेल्या गौड सारस्वतांची वस्ती आणि त्यांचं तिरुमला देवस्वम हे देऊळ तिथे आहे. यांच्यातल्याच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी डच गव्हर्नरच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाला मदत केली, आणि त्यांचं नागरी लिपीतलं कोंकणी पत्र 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलं गेलं. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या आजींनी मला विचारलं, "खंयच्यान आयलीं?" त्यांच्याकडून घेतलेल्या गजऱ्याला त्यांनी सांगितला तोच भाव होता. घासाघीस करायची इच्छाच झाली नाही.