घाट, युनिट आणि बाबांचे कान

सोमवार, रात्री दहा

जुन्या गाडीची किल्ली आज दिली. सहा वर्षांत २,०४,००० किलोमीटर झाले होते तिचे. नवी, विजेवरची गाडी दारात उभी आहे. बाबा दोनदा तिच्याभोवती फिरून आले, बॉनेट उघडून बघितलं आणि काही न बोलता बंद केलं.

मला गाडी बाबांनीच शिकवली, आणि ती कानाने शिकवली. "काट्याकडे बघू नकोस, इंजिन काय म्हणतंय ते ऐक," असं म्हणायचे. गिअर कधी बदलायचा, चढावर दम कुठे तुटतो, इंजिनाचा पट्टा कधी सैल झालाय, हे सगळं मी आवाजावरून ओळखायला शिकले. बिनआवाजाच्या गाडीत माझं काय होईल, ही काळजी मला रेंजपेक्षा, म्हणजे एकदा भरलेली बॅटरी किती लांब नेईल यापेक्षा, जास्त वाटत होती. रेंजचीही होतीच. रोज जायला ६८ किलोमीटर आणि यायला तेवढेच. सकाळी निघाल्या निघाल्या दहा किलोमीटरचा घाट उतरायचा, पुढे ४५ किलोमीटर सरळ महामार्ग आणि शेवटी शहरातली गर्दी. संध्याकाळी हेच सगळं उलटं, म्हणजे दमलेलं असताना चढ. या रस्त्याला रेल्वे नाही आणि बसच्या वेळा माझ्या कामाशी जुळत नाहीत. असती रेल्वे तर गाडी घेतलीच नसती, हे इथे लिहून ठेवते.

वायरमनने मीटरपासून वेगळी वायर ओढून १६ अँपिअरचं सॉकेट बसवून दिलं, अर्थिंग दोनदा तपासलं. पहिल्याच रात्री बॅटरी शंभर टक्के भरून ठेवतेय. उद्या बघू.

मंगळवार

आज सकाळी घाटात घाबरले.

गाडी चालवून बघितली तेव्हा एक गोष्ट फार आवडली होती. पाय उचलला की गाडी आपोआप धरल्यासारखी मंद होते. त्या वेळी मोटर उलट जनित्रासारखी चालते, चाकांची गती वीज होऊन बॅटरीत परत जाते. त्याच भरवशावर पहिल्या वळणाआधी पाय उचलला, तर गाडी मंद व्हायचं नाव घेईना. घरंगळतच राहिली. ब्रेक दाबला, तो नेहमीसारखा लागला, धोका काही झाला नाही. पण सगळा घाट मी पाय ब्रेकवर ठेवून, खांदे आखडून उतरले.

दुपारी माहितीपुस्तिका वाचली तेव्हा कळलं. बॅटरी काठोकाठ भरलेली असली की परत आलेली वीज ठेवायला तिच्यात जागाच नसते, म्हणून गाडी ती घेत नाही. ज्याचं घर डोंगरावर आहे त्याने ती शंभर टक्के भरून निघूच नये. अडचण एवढीच की माझी बॅटरी लोह-फॉस्फेट जातीची (लिथियम-आयनचाच एक प्रकार) आहे आणि ती आठवड्यातून एकदा पूर्ण भरा, असं पुस्तिकाच सांगते. या जातीत बॅटरी अर्धी असो की पाऊण, व्होल्टेज जवळपास सारखंच राहतं. त्यामुळे नेमकी किती शिल्लक आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरली की हिशेब पुन्हा जागेवर येतो. मग ठरवलं, शंभर टक्के शनिवारी रात्री करायचे. रविवारी घाट न उतरता होणाऱ्या कामांत दहाएक टक्के उतरतात. सोमवारी ती नव्वदवर असेल. बाकी दिवशी ऐंशीलाच थांबवायची.

तिसरा आठवडा, गुरुवार

वहीत रोजचे आकडे लिहायला लागलेय. सवय नव्हती, पण आता एक दिवस चुकला तर चुकल्यासारखं होतं.

बॅटरी ५० युनिटची आहे. सकाळी जाताना सव्वाआठ युनिट लागतात, संध्याकाळी येताना बारा. फरक घाटाचा. चारशे मीटर वर चढायला दोन युनिट जादा जातात. उतरताना ते दहा किलोमीटर फुकट होतात आणि वर पाऊण युनिट जमा होतं. सगळं परत मिळत नाही, हवा आणि टायर आपला वाटा घेतातच. तरी आकडा चढताना दिसला की मला अजून दर वेळी आनंद होतो. जुन्या गाडीत हीच शक्ती सहा वर्षं ब्रेकपॅड तापवून हवेत सोडत होते.

मन लावून बघितलं ते वेगाचं. महामार्गावर मी कायम शंभरने जायचे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे ऐंशीच्या जागी शंभर केले की विरोध दीडपटीच्याही वर जातो. शाळेत हे सूत्र पाठ केलं होतं, पण त्याचा माझ्या आयुष्याशी संबंध कधी आला नव्हता. आता पडद्यावर दिसतं. ते ४५ किलोमीटर ऐंशीने गेले तर दीड युनिट वाचतं. आणि वेळ? सात मिनिटांहूनही कमी फरक. एवढ्यासाठी सहा वर्षं मी ट्रकांच्या मधून दात आवळून वाट काढत होते. हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. पैशांचं नव्हे, त्या रोजच्या दोन वेळच्या ताणाचं.

घरी आल्यावर कानात जी गुणगुण राहायची ती आता राहत नाही. मुलगी म्हणाली, "आई, तू आता घरात हळू बोलतेस." मी मोठ्याने बोलत होते हेच मला माहीत नव्हतं.

दुसरा महिना, शुक्रवार

घाटाखाली एक ट्रक आडवा झाला होता. दोन तास दहा मिनिटं एका जागी. वरून पाऊस. बॅटरीत ३९ टक्के. घर अजून चौदा किलोमीटर, त्यातले दहा चढाचे. एरवी ताण नसता आला, पण आजूबाजूला काळोख, पुढचं काही दिसत नाही, आणि आपण विजेच्या गाडीत अडकलोय हा एकच विचार डोक्यात. एसी बंद केला. काचांवर धुकं जमलं. परत चालू केला. पडद्याकडे बघत बसले.

दोन तासांत चार टक्के गेले. फक्त चार, म्हणजे दोन युनिट. मोटर उभी असली की काही खातच नाही, खातो तो एसी आणि दिवे. पुढच्या मोटारीचं इंजिन मात्र सगळा वेळ धडधडत होतं. एसी चालू ठेवून उभं इंजिन तासाला अर्ध्या लिटरच्या वर पेट्रोल सहज जाळतं, आणि एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे त्याने हलल्याशिवाय नऊ युनिटच्या वर घालवले. रस्ता मोकळा झाला तेव्हा ३५ टक्के होते आणि घरी पोचले तेव्हा २९. भीती त्या दिवशी गेली. कोणी समजावून सांगितलं असतं तरी गेली नसती, आकडा स्वतः बघितला म्हणून गेली.

रविवार

मांजर आता बॉनेटवर बसत नाही. जुन्या गाडीवर संध्याकाळी येऊन बसायचं, कारण पत्रा तापलेला असायचा. मी हिशेब केला. १३६ किलोमीटरला रोज आठ लिटर पेट्रोल, म्हणजे ७२ युनिट ऊर्जा. आता त्याच अंतराला वीस. जवळजवळ पन्नास युनिट मी रोज रेडिएटर, धुराडं आणि त्या पत्र्यातून उष्णता म्हणून सोडत होते.

तरी स्वतःला फसवायचं नाही. भिंतीतून घेतलेली वीज थोडी वाटेतच गळते, वीस युनिट पोचवायला बावीस-तेवीस घ्यावे लागतात. ती कुठून येते हा प्रश्न तर आहेच. कोळशावरची असेल तर धूर माझ्या मागे नाही, दुसऱ्या कोणाच्या गावात निघतो. बॅटरी बनवतानाही बराच कार्बन खर्च होतो, तो गाडी दारात येण्याआधीच झालेला असतो. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. वजनाने पेट्रोल पाऊण किलोच, बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. माझे वर्षाचे २,००० लिटर म्हणजे साडेचार टनांच्या वर. म्हणून मला वाटतं, लांब जाणाऱ्या माणसानेच ही गाडी आधी घ्यावी. जो आठवड्यातून दोनदा बाजारात जातो त्याची बॅटरी बनवतानाच्या कार्बनचं हे देणं फेडायला फार वर्षं घेईल. माझी लवकर फेडेल, रोज एवढं चालते म्हणून.

बॅटरीत इतर काही जातींसारखं निकेल-कोबाल्ट नाही, लोखंड आणि फॉस्फेट आहे, याचं समाधान आहे. कोबाल्टचा मोठा भाग काँगोच्या खाणींतून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबतात, हे वाचल्यापासून ते डोक्यातून जात नव्हतं. लोह-फॉस्फेटचं संशोधन १९९० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत झालं. २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीसाठी त्यांना नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल कोणालाच मिळालं नव्हतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मग मला अजून वेळ आहे." आणि पेपर वाचायला लागले.

तिसरा महिना, शनिवार

गेले चार दिवस आकडा चढतोय. संध्याकाळचे बारा युनिट साडेबारा झाले, मग पावणेतेरा. मी वाऱ्यावर ढकललं. पावसाळी वारा समोरून येतो, ओला रस्ताही जास्त खातो, दोन्ही खरंच आहे. वहीत तसंच लिहूनही ठेवलं.

आज बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तीन महिन्यांत ते पहिल्यांदाच या गाडीत बसत होते. आजवर काही ना काही कारण काढायचे, मीही आग्रह केला नाही. बसले, पट्टा लावला, मी गाडी काढली. गल्लीतून हळू जाताना ही गाडी पायी चालणाऱ्यांसाठी मुद्दाम एक बारीक सूर काढते, तेवढाच काय तो आवाज. बाबा समोर बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील की ही काही बोलत नाही.

कोपऱ्यावर वळताना म्हणाले, "थांब."

"काय झालं?"

"काच खाली कर. आता चालव. हळू."

मी चालवली. ते डोळे मिटून ऐकत होते. "मागचं डावं. टिक, टिक. ऐकू येतंय?"

मला येत नव्हतं. मग त्यांनी बोटाने मांडीवर ठेका धरला, आणि त्या ठेक्याबरोबर मला ऐकू आलं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. जुन्या गाडीच्या आवाजात हे कोणालाच ऐकू आलं नसतं, बाबांनासुद्धा.

उतरून बघितलं तर टायरमध्ये खिळा होता. हवा थोडी थोडी उतरत होती, इशाऱ्याचा दिवा लागण्याइतकी अजून उतरली नव्हती. पंक्चरवाल्याने काढला तेव्हा बोटाच्या पेरापेक्षा मोठा निघाला. त्याने टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, या गाड्यांची टायरं लवकर झिजतात ताई, वजन जास्त असतं, महिन्याला हवा बघत जा. मी तीन महिने युनिट मोजत होते आणि हवा एकदाही बघितली नव्हती.

येताना बाबा बोलत होते. टायरचा सूर डांबरावर वेगळा आणि काँक्रीटवर वेगळा कसा लागतो, उजवीकडे वळताना वाऱ्याचा आवाज कुठून आत येतो. घाटाच्या तोंडाशी म्हणाले, "एकदा खाली जाऊन येऊ या का? बॅटरी पुरेल?"

६२ टक्के होते. आम्ही खाली गेलो.